एकोणीसशे नोकऱ्या आणि तीन दिवस: ऑक्टोबर २००८ मधली विमानकंपन्यांची गोष्ट

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण राजेमहाराजांचा नाही. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील, मी पण शाळेतच होतो. म्हणजे ताजाच इतिहास. तरीही मला वाटतं की आज पंचविशी-तिशीत असलेल्या, नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असावी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सध्या चहाच्या टपरीवर क्रिकेटपेक्षा जास्त चर्चा एकाच गोष्टीची असते: कुठल्या कंपनीने किती जणांना नारळ दिला. कुणी म्हणतं मंदी आहे, कुणी म्हणतं एआय आलं, कुणी म्हणतं दोन कंपन्या एक झाल्या म्हणून डबल झालेली माणसं काढतायत. हे ऐकताना मला सारखा ऑक्टोबर २००८ आठवतो. कारण मंदी, मर्जर आणि नोकरकपात या तिन्ही गोष्टी त्या महिन्यात मुंबईत एकाच आठवड्यात एकत्र आल्या होत्या. आणि पुढे काय झालं हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे हा पिक्चर शेवटपर्यंत बघता येतो.

आधी थोडं मागे जाऊ

१९५३ साली सरकारने देशातल्या विमानकंपन्या ताब्यात घेतल्या. परदेशात जायचं तर एअर इंडिया, देशात फिरायचं तर इंडियन एअरलाइन्स. चाळीस वर्षं हाच मामला. १९९४ मध्ये तो जुना कायदा रद्द झाला, पण त्याच्या थोडं आधीच खासगी कंपन्या ‘एअर टॅक्सी’ या नावाखाली उडायला लागल्या होत्या. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त... नावं आठवत नसतील, कारण काही वर्षांतच त्यातली एकेक बंद पडली. टिकली ती नरेश गोयल यांची जेट एअरवेज, जी मे १९९३ मध्ये सुरू झाली.

खरा धमाका झाला २००३ नंतर. कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली आणि साध्या माणसाला विमानात बसवलं. एक रुपयात तिकीट वगैरे जाहिराती त्यांच्याच. मग २००५ मध्ये स्पाइसजेट, किंगफिशर आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो. इतक्या कंपन्या, इतकी नवी विमानं आणि तिकिटं इतकी स्वस्त की ज्यांच्या घरात आधी कुणी विमानतळ बघितला नव्हता, ते पण उडायला लागले.

यातून नोकऱ्या तयार झाल्या. गल्लोगल्ली एअर होस्टेस बनवणारे कोर्स निघाले. भरमसाठ फी, इंग्लिश बोलायचे क्लास, चालायचं कसं, हसायचं कसं. मुंबई-ठाण्याकडच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांनी तेव्हा मुलीच्या नाहीतर मुलाच्या या कोर्ससाठी पैसे भरले. कॉल सेंटरपेक्षा जास्त पगार आणि वर रुबाब. हे लक्षात ठेवा, कारण गोष्ट याच मुलामुलींची आहे.

विमानकंपनीचं गणित

आता जरा गणित. विमानकंपनीच्या खर्चातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली? पगार नाही. इंधन. आपल्याकडे तर फारच, कारण विमानाच्या इंधनावर राज्यं वेगवेगळा विक्रीकर लावतात, काही ठिकाणी तो तीस टक्क्यांच्या आसपास जायचा. त्यामुळे तेल महागलं की एकूण खर्चातला चाळीस टक्के वाटा एकट्या इंधनाचा व्हायचा. मग विमानांचं भाडं, देखभाल, विमानतळाची फी. पगार साधारण दहा-पंधरा टक्के.

म्हणजे बघा, बोट बुडतेय ती इंधनाच्या भोकामुळे. पण कंपनीच्या हातात काय आहे? तेलाचा जागतिक भाव तिच्या हातात नाही. कर सरकारच्या हातात. विमानांचे भाडेकरार आधीच सही झालेले. लगेच, उद्या सकाळी, जे कापता येतं ते एकच: माणसं. त्यामुळे माणसं काढली म्हणजे माणसं हाच प्रॉब्लेम होता, असं समजू नका. बऱ्याचदा ती फक्त सगळ्यात सहज हाताला लागणारी गोष्ट असते.

आणि तिकिटं? ती सगळे तोट्यात विकत होते. एकाने भाव वाढवला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे. मग सगळ्यांच्या डोक्यात एकच आयडिया आली: दुसऱ्याला विकतच घ्या. एक स्पर्धक कमी झाला की भाव वाढवता येईल.

२००७: तीन लग्नं

२००७ या एका वर्षात आपल्याकडे तीन मोठी मर्जर झाली.

पहिलं, जेट आणि सहारा. हे लग्न एकदा मोडून पुन्हा जमलं. २००६ मध्ये सौदा ठरला होता सुमारे २,३०० कोटींना. तो फिसकटला, भांडण लवादापर्यंत गेलं आणि शेवटी एप्रिल २००७ मध्ये १,४५० कोटींना जमलं. सहाराचं नाव झालं जेटलाइट.

दुसरं, किंगफिशर आणि डेक्कन. विजय मल्ल्यांनी आधी ५५० कोटींना २६ टक्के वाटा घेतला, मग सगळीच घेतली. यात एक गोम होती. नियम असा होता की देशात पाच वर्षं उड्डाणं केल्याशिवाय परदेशी जाता येत नाही. किंगफिशरला पाच वर्षं झाली नव्हती, पण डेक्कनला २००८ मध्ये होणार होती. त्यामुळे डेक्कन घेतली की परदेशाचा दरवाजा लवकर उघडणार. आणि तसंच झालं. सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशरचं विमान बंगळुरूहून लंडनला उडालं. टायमिंग बघा, जगात लेहमन ब्रदर्स बुडाली तोच महिना.

तिसरं लग्न सरकारी. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स ऑगस्ट २००७ मध्ये एका कंपनीखाली आल्या. दोघींनी मिळून १११ नवी विमानं मागवली होती, ६८ बोइंग आणि ४३ एअरबस. डोक्यावर एवढं कर्ज आणि त्यात दोन वेगवेगळे संसार एका छपराखाली.

मी रोज कोड लिहितो, त्यामुळे या तिसऱ्या लग्नातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. कागदावर मर्जर २००७ मध्ये झालं. पण दोघींची तिकीट बुकिंगची सिस्टिम एक होऊन ‘आयसी’ हा जुना कोड कायमचा बंद व्हायला फेब्रुवारी २०११ उजाडलं. साडेतीन वर्षं! ज्यांनी कधी दोन कंपन्यांचे डेटाबेस जोडलेत त्यांना हसू येईल, आणि थोडं रडूसुद्धा. पण सिस्टिम तरी जोडता येते. माणसं जोडणं त्याहून अवघड. दोन्हीकडच्या पायलटांचे पगार वेगळे, बढतीचे नियम वेगळे, सीनियॉरिटी कुणाची धरायची? यावर न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती बसवावी लागली. २०११ मध्ये एकीकडच्या पायलटांनी समान पगारासाठी सुमारे दहा दिवस संप केला. २०१२ मध्ये दुसरीकडच्यांनी केला ५८ दिवस, कारण नव्या ड्रीमलायनर विमानाचं ट्रेनिंग कुणाला मिळणार यावर वाद. खर्च वाचवायला केलेल्या लग्नाचा हा खर्च.

ऑक्टोबर २००८

आता मुख्य गोष्ट. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेला. मग सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, कंपन्यांनी ऑफिसच्या टूर बंद केल्या, विमानं रिकामी. आधी खर्च वाढला, मग गिऱ्हाईक गेलं, दोन्ही पाठोपाठ. विमानकंपन्यांकडे तेल कंपन्यांची एवढी उधारी झाली की हप्ते बांधून घ्यावे लागले.

१३ ऑक्टोबरला, सोमवारी, मुंबईत एक बातमी आली जिच्यावर कुणाचा विश्वास बसेना. जेट आणि किंगफिशर, एकमेकींच्या कट्टर वैरी, हातमिळवणी करतायत. मर्जर नाही, पण तिकिटं, इंधन खरेदी, जमिनीवरची कामं, असं बरंच काही एकत्र. दोन्ही मिळून देशातला अर्ध्याहून जास्त बाजार. दोघांची काही काम करणारी माणसं आता डबल होणार हे कळायला एमबीए लागत नाही.

दुसऱ्याच दिवसापासून जेटने माणसं काढायला सुरुवात केली. आधी सुमारे ८०० जण, मुख्यतः केबिन क्रू. मग आकडा जाहीर झाला: एकूण १,९००. कंपनीत तेव्हा साधारण १३,००० माणसं होती, म्हणजे सातातला एक. बरेचसे प्रोबेशनवरचे, विशी-बाविशीचे.

इथे कायद्याची एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्यालाही लागू पडते. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कपात करायला सरकारची आधी परवानगी लागायची. पण कुठे? कारखाना, खाण आणि मळा. विमानकंपनी यात नाही. आयटी कंपनी पण नाही. आणि नोटीस, भरपाई वगैरे मिळायला किमान एक वर्षाची सलग नोकरी हवी. म्हणजे नव्या पोराला कायद्याचं छप्पर जवळजवळ नव्हतंच.

१५ ऑक्टोबरला ही मुलं मुंबई विमानतळावर जमली. जेटच्या त्या पिवळ्या कोटात, नीट मेकअप करून, हातात फलक. हा फोटो तेव्हा सगळ्या पेपरांच्या पहिल्या पानावर होता. मुंबईने मोर्चे खूप पाहिले होते. पण ते गिरणी कामगारांचे, घामाने भिजलेले. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख कामगार उतरले होते. हा मोर्चा वेगळा होता. ज्यांना आपण कामगार आहोत असं कधी वाटलंच नव्हतं, अशा माणसांचा हा मोर्चा होता. युनियन नाही, नेता नाही, घोषणा द्यायची सवय नाही.

मग ते गेले कुणाकडे? कामगार आयुक्तांकडे नाही, राज ठाकरे यांच्याकडे. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, मुंबईकराला नाही. या शहरात नोकरीचं गाऱ्हाणं पक्षाच्या शाखेत नेण्याची जुनी रीत आहे. सत्तरच्या दशकापासून शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समित्या बँकांमध्ये, एअर इंडियामध्ये मराठी मुलांच्या नोकऱ्यांसाठी भांडत होत्याच. मनसे तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची. आणि गंमत अशी की काढलेल्यांमध्ये सगळे काही मराठी नव्हते. मनसेने सांगितलं, या मुलांना परत घ्या, नाहीतर मुंबईतून जेटची विमानं उडू देणार नाही. तिकडे दिल्लीत डावे पक्षही ओरडत होते, नागरी विमान वाहतूक मंत्री प्रफुल्ल पटेल यांच्यावरही दबाव होता.

१६ ऑक्टोबरच्या रात्री नरेश गोयल पत्रकारांसमोर आले आणि सगळ्यांना परत घेतल्याचं जाहीर केलं. सांगणं असं की कुणाचा दबाव नाही, या मुलांचे अश्रू मला बघवले नाहीत. कंपनी म्हणजे कुटुंब, वगैरे. दुसऱ्या दिवशी मुलं कामावर. फटाके, पेढे, सगळं.

त्याच महिन्यात एअर इंडियातही पंधरा हजारांपर्यंत कर्मचाऱ्यांना बिनपगारी दीर्घ रजा द्यायची चर्चा सुरू होती. त्यामुळे भीती फक्त जेटपुरती नव्हती. आणि जगात काय? २९ ऑक्टोबरला अमेरिकेत डेल्टा आणि नॉर्थवेस्ट या दोन अवाढव्य कंपन्या एक झाल्या. तिकडचं उत्तर होतं पूर्ण मर्जर. आपल्याकडे हातमिळवणी जाहीर झाली, गाजली आणि हळूहळू विरून गेली.

मग जिंकलं कोण?

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण मी म्हटलं ना, आपल्याला पुढचा भाग माहीत आहे.

२००९ मध्ये जेटच्या पायलटांनी युनियन काढली, कारण ऑक्टोबरने सगळ्यांना एक धडा दिला होता: एकटे असलो तर एका संध्याकाळीत जातो. कंपनीने दोन पायलटांना काढलं, तर शेकडो पायलट एकदम ‘आजारी’ पडले. पाच दिवस विमानं जमिनीवर.

किंगफिशरने सुरुवातीपासून एकाही वर्षी नफा कमावला नाही. डेक्कन पचली नाही. २००८-०९ मध्येच तोटा सुमारे १,६०० कोटींचा होता. नोकऱ्या एका रात्रीत गेल्या नाहीत, आधी पगार लांबले, मग थकले, मग महिनोन्‌महिने आलेच नाहीत. ऑक्टोबर २०१२ मध्ये परवाना निलंबित झाला. मार्च २०१६ मध्ये मल्ल्या देश सोडून गेले. कर्मचाऱ्यांची देणी मात्र इथेच राहिली.

आणि जेट? २०१३ मध्ये एतिहादने २४ टक्के वाटा घेतला, थोडा श्वास मिळाला. २०१८ पासून पगार उशिरा व्हायला लागले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला येणारं शेवटचं विमान उतरलं आणि पंचवीस वर्षांची कंपनी बंद झाली. या वेळी नोकऱ्या गेल्या त्या १,९०० नाही, वीस हजारांच्या आसपास. या वेळी रात्री कुणी पत्रकार परिषद घेऊन परत बोलावलं नाही. दिवाळखोरीची केस साडेपाच वर्षं चालली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी विकून टाका, असा आदेश दिला.

दिवाळखोरीच्या कायद्यात देणी फेडायची एक रांग असते. कायद्याने ‘कामगार’ धरलेल्यांची २४ महिन्यांची देणी बँकांच्या बरोबरीने येतात. बाकीच्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची, आणि तीही बँकांच्या मागे. म्हणजे ‘मी काही कामगार नाही, मी प्रोफेशनल आहे’ असं आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा त्या रांगेत आपण एक पाऊल मागे सरकतो. हे मला या एपिसोडची तयारी करताना सगळ्यात जास्त टोचलं.

मग २००८ ची कपात योग्य होती का? काही जण म्हणतात, तेव्हा राजकारण मध्ये आलं नसतं, कंपनीने अंग झडझडून कमी केलं असतं तर ती वाचली असती. मला हे पटत नाही. साधा हिशेब लावा. पगार म्हणजे खर्चाचा दहा-पंधरा टक्के, त्यातले सातातला एक माणूस, तोही सगळ्यात कमी पगाराचा. एकूण खर्चात फरक किती पडणार? जेमतेम एक-दीड टक्का. तेलाचा भाव दहा डॉलरने हलला की तो फरक पुसला जातो. आणि खरंच तसंच झालं. डिसेंबर २००८ मध्ये तेल चाळीस डॉलरच्या खाली आलं. सहाराचे १,४५० कोटी, परदेशी मार्गांसाठी घेतलेली मोठी विमानं, खर्चापेक्षा कमी भावात विकलेली तिकिटं, हे निर्णय कुणा बावीस वर्षांच्या मुलीने घेतले नव्हते.

पण उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. १६ ऑक्टोबरच्या रात्री जे मिळालं ती दया होती, हक्क नव्हता. मालकाच्या मनात आलं, नेत्याने आवाज टाकला, म्हणून मिळालं. नियम बदलला नाही, करार झाला नाही, पुढच्या वेळी काय करायचं हे कुठे लिहिलं गेलं नाही. म्हणून २०१९ मध्ये हातात काहीच नव्हतं.

आणि आज

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली, १८,००० कोटींच्या सौद्यात. नरीमन पॉइंटची ती एअर इंडियाची बिल्डिंग महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेतली. मग टाटांनी चार कंपन्यांच्या दोन केल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुनी एअर एशिया इंडिया एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये गेली, नोव्हेंबरमध्ये विस्तारा एअर इंडियात.

हे होताना काय झालं? एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराच्या पायलटांनी नव्या पगार रचनेवरून रजा टाकल्या, उड्डाणं रद्द. त्यांना ७० तासांचा ठरलेला पगार मिळायचा, नव्या रचनेत ४० तासांचा. मे मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचे शेकडो केबिन क्रू एकदम आजारी पडले. कंपनीने २५ जणांना काढलं. दोन दिवसांत, मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली आणि त्यांना परत घेतलं.

ओळखीचं वाटतंय ना? पण एक फरक आहे, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. २००८ मध्ये मुलं नेत्याकडे गेली होती. २०२४ मध्ये त्यांच्याकडे युनियन होती, समोर सरकारी अधिकारी होता, आणि टेबलावर कागद होता.

तुमच्यापैकी कुणाची कंपनी सध्या दुसऱ्या कंपनीत विलीन होत असेल, तर ‘आपण एक कुटुंब आहोत’ या मेलपेक्षा तीन गोष्टींकडे बघा. पगार ठरलेल्या तारखेला येतोय का? पीएफ खरंच जमा होतोय का, कारण ते फोनवर दोन मिनिटांत दिसतं. आणि जुन्या नोकरीची वर्षं नव्या कंपनीत धरली जाणार आहेत, हे लेखी मिळालंय का? ग्रॅच्युइटी त्यावरच ठरते. किंगफिशर आणि जेट दोन्हीकडे पहिली खूण तीच होती, पगाराची तारीख सरकायला लागली होती. बातम्यांमध्ये तेव्हा नवीन गुंतवणूकदार येणार असंच चाललं होतं.

बास, आज एवढंच. पुढच्या एपिसोडमध्ये गिरणी संपाकडे जाऊ, कारण आज त्याचा नुसता उल्लेख झाला आणि तो एवढ्यावर सोडण्यासारखा विषय नाही. तुमच्या घरात कुणी विमानतळावर, एअर इंडियात, जेटमध्ये नोकरी केली असेल, तर त्यांना हा एपिसोड ऐकवा आणि त्यांच्याकडून ऑक्टोबर २००८ ऐका. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. भेटू!